एका पिचरवर कोशिएन जिंकता येतं का?

जपानच्या हायस्कूल बेसबॉलबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की एक जबरदस्त पिचर (बेसबॉलचा बोलर) सापडला, पोरांचे टक्कल केले आणि दिवसरात्र घाम गाळला की कोशिएन स्टेडियमवरची शाळांची देशपातळीवरची उन्हाळी स्पर्धा खिशात. ऐकायला भारी वाटतं पण तसं नाहीये.

२०१८ चंच बघा ना. अकिताच्या कानाआशी नोग्यो या शेतकी शाळेचा योशिदा कोसेई, पोराने त्या स्पर्धेत ८८१ बॉल टाकले, अख्खा जपान त्याच्या प्रेमात, आणि फायनलला हात दमलेला, ओसाका तोइन या शाळेकडून १३-२ ने हरले. तोइनकडे भरवशाचे एकाहून जास्त पिचर होते, तिथेच निम्मा फरक पडतो. भर ऑगस्टच्या उन्हात, शेवटी शेवटी तर जेमतेम विश्रांती, एकच खांदा किती पुरणार?

२०२० पासून तर नियमच आला, आठवड्यात एका पिचरला ५०० च बॉल. (माझ्या मते तेही जास्तच आहेत.) मग २०२२ ला सेंदाई इकुएई या शाळेने पाच पिचर आलटून पालटून वापरले आणि तोहोकू, म्हणजे जपानच्या ईशान्य भागाला पहिल्यांदा हे विजेतेपद मिळालं, स्पर्धा १९१५ पासूनची आहे बरं का.

आणि टकलाचं म्हणाल तर २०२३ ला केइओ ही शाळा जिंकली, १९१६ नंतर थेट १०७ वर्षांनी, मस्त केस वाढवलेली पोरं, फायनलला त्याच सेंदाईला ८-२ ने हरवून.