‘नवा माल आला आहे’: स्प्रिंगफील्डचे दुकानदार आणि गावच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं स्प्रिंगफील्ड हे गाव जगाला अब्राहम लिंकन यांच्यामुळे माहीत आहे. लिंकन तिथे राहायला आले त्याच्या साडेपाच वर्षं आधी, १० नोव्हेंबर १८३१ रोजी, सिमियन फ्रान्सिस यांनी गावात ‘सँगमो जर्नल’ हे साप्ताहिक सुरू केलं. लिंकन यांच्या चरित्रकारांनी त्यातलं राजकारण खणून काढलं. त्याच पानांवरच्या दुकानदारांच्या जाहिराती मात्र बहुतेक जण संदर्भापुरत्या पाहतात आणि पुढे जातात. खरं तर अमेरिकेतल्या छोट्या गावात जाहिरात कशासाठी सुरू झाली आणि शतक संपेपर्यंत तिचं काय झालं, हे समजून घ्यायला त्यांच्याइतकं चांगलं साधन शोधून सापडणार नाही.

पहिला प्रश्न साधाच आहे. स्प्रिंगफील्डमधलं पहिलं दुकान एलायजा आइल्स यांनी १८२१ मध्ये घातलं. तेव्हा वस्ती म्हणजे लाकडी ओंडक्यांची चार घरं. दुकान कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दुसरं नव्हतंच. पुढची कित्येक वर्षंही सगळा बाजार कोर्टाच्या चौकाभोवती होता. मग अशा गावातल्या दुकानदाराने पैसे मोजून छापायचं तरी काय?

छापायचं ते दुकानाचा पत्ता नव्हे, मालाची वर्दी. त्या काळी इलिनॉयमधला व्यापारी वर्षातून एकदोनदा फिलाडेल्फिया, बाल्टिमोर किंवा न्यूयॉर्कला स्वतः जाई, घाऊक पेढ्यांकडून महिनोन्महिन्यांच्या उधारीवर कापड, साखर, कॉफी, लोखंडी सामान, चिनी मातीची भांडी उचली आणि तो माल ओहायो, मिसिसिपी, इलिनॉय या नद्यांवरून बोटीने आणि शेवटचा टप्पा बैलगाडीने किंवा घोडागाडीने आणवी. माल कधी पोचेल याचा नेम नसे. शेतकरी दहा-दहा, वीस-वीस मैलांवर पांगलेले. त्यांना गाडी जुंपून गावात यायचं तर दुकानात काहीतरी असल्याची खात्री हवी. म्हणून जाहिरात म्हणजे जवळपास बातमीच असे: अमक्याकडे पूर्वेकडून माल येऊन पडला आहे, त्यात अमुक अमुक जिनसा आहेत. पुढे नुसती यादी, एखाद्या वाण्याच्या चिठ्ठीसारखी.

या वर्दीची घाई कुठवर जाई याचा नमुना १८३२चा. सँगमन नदी उथळ, झाडाझुडपांनी भरलेली. तिच्यातून आगबोट आणायची हे गावाचं स्वप्न होतं. व्हिन्सेंट बोग नावाच्या व्यापाऱ्याने जाहीर केलं की ‘टॅलिस्मन’ ही आगबोट सिनसिनाटीहून निघून स्प्रिंगफील्डजवळ येईल. बोट यायच्या आत दुकानदारांनी तिच्यावरून येणाऱ्या मालाच्या जाहिराती दिल्या. मार्चमध्ये ती खरंच आली; पुढे कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडणाऱ्यांत तरुण लिंकनही होते. गावाने नाचगाणी केली. पण नदीचं पाणी उतरू लागलं, बोट वळवायलाही जागा नव्हती, आणि शेवटी नदीकाठच्या न्यू सालेम या खेड्यातल्या बंधाऱ्याचा काही भाग तोडून तिला उलटी बाहेर काढावी लागली. जलमार्गाचं स्वप्न तिथेच बुडालं. दुकानदार परत गाड्यांकडे वळले.

आता या जाहिराती दिसत कशा ते पाहू. चार पानांचा अंक, अरुंद उभे रकाने. जागा ‘स्क्वेअर’ या मापाने विकली जाई, म्हणजे ठरावीक ओळींचा एक तुकडा. पहिल्या वेळच्या छपाईचा दर जास्त, पुढच्या प्रत्येक वेळी कमी. हिशोब रास्तच होता. छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, एकदा जुळवली की पुन्हा मेहनत नव्हती. त्यामुळे ‘बंद करा म्हणेपर्यंत चालू ठेवा’ अशी सूचना देऊन दुकानदार मोकळा होई आणि वसंतातला ‘ताजा माल’ थंडी पडेपर्यंत छापून येत राही. ग्राहकाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. चित्रं म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यांकडून आणलेले तयार ठसे: एक आगबोट, एक घोडा, एक घर. तीच आगबोट दहा गावांतल्या दहा पत्रांत तरंगत असे. आणि किंमत? ती बहुधा नसेच. ‘रोखीने स्वस्त’ एवढंच. भाव दुकानात ठरे, आणि तो कोण घेतो, रोख घेतो की उधार, यावर ठरे.

रोख रक्कम तर दुर्मीळच. म्हणून जाहिरातीच्या शेवटी हमखास एक ओळ येई: मालाच्या बदल्यात शेतमाल घेतला जाईल. लोणी, अंडी, मेण, पिसं, कातडी, गहू, सगळं चाले. संपादकही त्यातलेच, वर्गणीपोटी सरपण आणि मका घेणारी साप्ताहिकं गावोगाव होती. उरलेलं सगळं खातेवहीत. लिंकन यांनी स्वतः न्यू सालेमला विल्यम बेरी यांच्या भागीदारीत दुकान चालवून ते बुडवलं होतं आणि त्याचं कर्ज त्यांनी पुढे कित्येक वर्षं फेडलं. १५ एप्रिल १८३७ला ते स्प्रिंगफील्डमध्ये जोशुआ स्पीड यांच्या दुकानात शिरले, गादी आणि अंथरूण-पांघरुणाचा भाव विचारला, तो निघाला १७ डॉलर. तेवढे पैसे नव्हते. ख्रिसमसपर्यंत उधार द्याल का, वकिली चालली तर फेडीन, असं ते म्हणाले. स्पीड यांनी त्यांना माडीवरच्या आपल्या खोलीतच जागा दिली. गंमत म्हणजे त्याच तारखेच्या ‘जर्नल’मध्ये स्टुअर्ट आणि लिंकन या नव्या वकिली भागीदारीची जाहिरातही आहे. गादीला पैसे नव्हते, पण जाहिरात वेळेवर लागली होती.

त्याच वर्षी देशभर बँका कोसळल्या. अशा मंदीत दुकानदारांच्या जाहिरातींचा सूर बदले. मालाच्या यादीच्या जागी विनवणी, मग ताकीद: ज्यांची बाकी आहे त्यांनी येऊन हिशोब मिटवावा, नाहीतर खाती वसुलीसाठी वकिलाकडे जातील. एकाच नोटिशीत गावभराला टोचणी लागे आणि नाव कोणाचंच घ्यावं लागत नसे. ही युक्ती मला त्या काळच्या सगळ्या जाहिरातकलेत सर्वांत हुशार वाटते. पूर्वेकडच्या घाऊक व्यापाऱ्यांनी वेगळा धडा घेतला. त्या मंदीत पोळलेले न्यूयॉर्कचे ल्युइस टॅपन यांनी १८४१ मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. कोणत्या दुकानदाराची बाजारात पत किती, याची गावोगावच्या वकिलांकडून गुपचूप माहिती मागवायची आणि ती घाऊक पेढ्यांना विकायची, हा तिचा धंदा. लिंकनही तिचे वार्ताहर होते. म्हणजे दुकानदार वर्तमानपत्रात जे सांगे त्याच्या मागे, त्याला न दिसणारी दुसरी एक नोंद न्यूयॉर्कच्या वहीत होत होती.

या रुक्ष याद्यांमध्ये वाचकाला हसवणारा एक माणूस होता. विल्यम फ्लोरव्हिल, मूळ नाव द फ्लरव्हिल, गावात ‘बिली द बार्बर’ म्हणून ओळखले जाणारे. जन्म हैतीचा, बाल्टिमोरला न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी, मग न्यू ऑर्लिन्स, सेंट लुइस असं फिरत १८३१ मध्ये ते इलिनॉयमध्ये पोचले. वाटेत न्यू सालेमजवळ लिंकन भेटले. त्यांनी खाणावळीत नेऊन गिऱ्हाइकं मिळवून दिली, अशी आठवण सांगितली जाते. १८३२ मध्ये फ्लोरव्हिल यांनी स्प्रिंगफील्डमधलं पहिलं केशकर्तनालय थाटलं, आणि ‘जर्नल’मध्ये ते खुसखुशीत, विनोदी जाहिराती देऊ लागले.

न्हाव्याला मालाची वर्दी द्यायची नसते. त्याच्याकडे विकायला फक्त हात आणि गप्पा. त्यामुळे जाहिरातीत स्वतःचा आवाज आणणं त्यांना इतरांआधी सुचलं असावं. पण ते घडत होतं कुठे ते पाहा. इलिनॉयच्या तेव्हाच्या कायद्यांनुसार कृष्णवर्णीयांना मत नव्हतं, गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात साक्ष देता येत नव्हती आणि आपण स्वतंत्र असल्याचा दाखला बाळगावा लागे. १८५३ मध्ये तर राज्याने कृष्णवर्णीयांना नव्याने येऊन राहायलाच बंदी केली; ते कायदे १८६५ मध्ये रद्द झाले. कोर्टात ज्यांचा शब्द गोऱ्याविरुद्ध चालत नव्हता, त्यांचा शब्द छापील रकान्यात चालत होता, कारण तिथे स्क्वेअरचे पैसे भरले की झालं. विनोद हा त्यांचा स्वभाव होता की गोऱ्या गिऱ्हाइकांत टिकण्याची तऱ्हा, हे सांगता येत नाही. दोन्ही असू शकतं. धंदा मात्र चांगला चालला. त्यांनी जमिनी घेतल्या, ब्लूमिंग्टनमधल्या त्यांच्या मालमत्तेचं काम लिंकन पाहत. डिसेंबर १८६३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात देशाच्या गोष्टींबरोबर तुमचा कुत्रा खुशाल आहे, हेही कळवलं आहे.

१८३९ मध्ये राज्याचा कारभार स्प्रिंगफील्डला हलला आणि बाजाराची जात बदलली. आमदार, वकील, त्यांच्या बायका, हॉटेलं. टोप्या, हातमोजे, तयार कपडे यांच्या जाहिराती वाढल्या. निकोलस शेफर्ड यांनी डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उमटणाऱ्या फोटोंचा स्टुडिओ काढून त्याचीही जाहिरात दिली; लिंकन यांचं सर्वांत जुनं ज्ञात छायाचित्र त्यांनीच काढलेलं मानतात. १८५१ मध्ये टपालखात्याने साप्ताहिकं आपल्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, फुकट पोचवायला सुरुवात केली, त्यामुळे रकान्यांची पोच आणखी वाढली. १८५२ मध्ये आल्टनहून रेल्वे आली. माल आता बारमाही मिळू लागला, आणि ‘आला आहे’ या वर्दीतली धार हळूहळू बोथट झाली.

तोवर त्याच पानावर परके शिरले होते. फिलाडेल्फियात व्होल्नी पामर १८४०च्या दशकाच्या सुरुवातीपासून खेड्यापाड्यांतल्या पत्रांची जागा दलालीवर विकत होते. १८६५ मध्ये बोस्टनला जॉर्ज रोवेल यांनी शंभर पत्रांत महिनाभर एक इंच जागा शंभर डॉलरला, असा ठोक व्यवहार सुरू केला. ही जागा घेणारे मुख्यतः पेटंट औषधवाले, म्हणजे तयार बाटलीबंद औषधं विकणारे. गावचा औषधविक्या फक्त बाटली ठेवणारा. आजार कोणता आणि त्यावर उपाय काय, हे दूरच्या शहरातून छापून येई. सगळ्या रोगांवर एकच काढा, ही भाषा अमेरिकन वाचकाच्या कानावर इतकी पडली की तिला आवरायला अन्न आणि औषधांबद्दलचा १९०६चा कायदा यावा लागला.

त्याहून मोठा बदल विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू या गावात, निव्वळ अडचणीतून झाला. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिथल्या साप्ताहिकाचे संपादक अॅन्सेल केलॉग यांच्या छापखान्यातले कामगार सैन्यात गेले. केलॉग यांनी मॅडिसनहून एका बाजूने आधीच छापलेले कागद मागवले आणि दुसऱ्या बाजूला गावच्या बातम्या छापल्या. १८६५ मध्ये शिकागोत त्यांनी याचाच धंदा केला. छापील बाजूवर गोष्टी, शेतीचे सल्ले आणि देशव्यापी जाहिराती; कोऱ्या बाजूवर गाव. शेकडो साप्ताहिकं या सोयीवर जगली. पण गावच्या दुकानदाराला आता निम्माच कागद उरला होता.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर रंगीत व्यापारी कार्डांची लाट आली. साबण, दोरा, शिलाई मशीन बनवणारे कारखाने मांजरं, फुलं, गुबगुबीत मुलं यांची झकास रंगीत कार्डं छापून दुकानदारांना पाठवत. पाठीमागे थोडी मोकळी जागा, तिथे दुकानदाराने आपल्या नावाचा शिक्का मारायचा. पोरं ती जमवून वह्यांत चिकटवत, चित्राची बाजू वर ठेवून. दुकानदाराचं नाव डिंकाखाली.

आणि मग कॅटलॉग. १८७२ मध्ये शिकागोत माँटगोमेरी वॉर्ड यांनी एका कागदावर वस्तूंची यादी आणि भाव छापून शेतकरी संघटनांच्या सभासदांना टपालाने मागणी घेऊन थेट माल विकायला सुरुवात केली. भाव इतके कमी की ‘शिकागो ट्रिब्यून’ने पुढच्याच वर्षी हा ठगांचा कारभार म्हणून सावध केलं, आणि नंतर ते मागे घेतलं. १८७५ मध्ये वॉर्ड यांनी पसंत न पडल्यास पैसे परत ही हमी दिली. १८९०च्या दशकात सिअर्स, रोबक ही दुसरी कॅटलॉग कंपनी आली. १८९६ पासून टपाल शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाऊ लागलं.

छोट्या गावातल्या दुकानदारांनी कडवा विरोध केला. सरकारी पार्सल टपाल, म्हणजे टपालखात्याने मोठी पार्सलंही घरपोच नेणं, येऊ नये म्हणून त्यांच्या संघटना वॉशिंग्टनपर्यंत गेल्या. काही गावांत कॅटलॉगांची होळी केली गेली, कॅटलॉग आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं. संपादक बहुतेक दुकानदारांच्या बाजूने, कारण वॉर्ड आणि सिअर्स गावच्या पत्राला फारसं काही देत नव्हते आणि दुकान बुडालं तर रकानाही बुडणार होता. तरीही १ जानेवारी १९१३ पासून पार्सल टपाल सुरू झालंच.

दुकानदाराच्या जाहिरातीत यानंतर पडलेला फरक डोळ्यांत भरतो. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूचा भाव छापलेलं जाडजूड पुस्तक पडून होतं. ‘रोखीने स्वस्त’ असं म्हणून आता भागत नव्हतं. माणूस पाहून भाव सांगणारा दुकानदार आपल्या स्क्वेअरमध्ये आकडे छापू लागला: कापड इतक्या सेंटला वार, साखर इतक्या पौंडांना डॉलर, आणि सगळ्यांना सारखंच.