वडकऱ्याची तारली आणि नफ्याचं कोडं

नफा म्हणजे कुणाला तरी लुबाडणं, हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आज लिहायलाच बसलो. अर्थतज्ज्ञ इस्रायल कर्झनर यांनी नफ्याचा केलेला उलगडा मला फार मोलाचा वाटतो.

कर्झनर 1930 साली लंडनमध्ये जन्मले, दक्षिण आफ्रिकेत वाढले. न्यूयॉर्क विद्यापीठात अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिसेस यांच्या हाताखाली त्यांनी 1957 मध्ये पीएचडी केली आणि पुढे तिथेच अनेक दशकं शिकवलं. ते ज्यू धर्मगुरूही आहेत. व्हिएन्नात 1871 मध्ये कार्ल मेंगर यांच्या ग्रंथापासून सुरू झालेली अर्थशास्त्रातली ऑस्ट्रियन विचारधारा तेव्हा अमेरिकी विद्यापीठांत जवळपास बेदखल होती. ती तिथे टिकली, यात कर्झनर यांचा वाटा मोठा आहे.

मागणी-पुरवठ्याच्या रेषा छेदतात तिथे भाव ठरतो, हे शाळेत शिकतो. पण भाव तिथवर पोचतो कसा? कर्झनर म्हणतात, अज्ञान दोन प्रकारचं असतं. एखादा फोन नंबर माहीत नसेल तर आपण शोधतो. त्या शोधाचा खर्च मांडता येतो. पण आपल्याला काही माहीत नाही हेच माहीत नसेल, तर शोधणार काय? ते फक्त नजरेला पडू शकतं. ही नजर, ही सजगता म्हणजेच उद्योजकता.

केरळचं उदाहरण घ्या. कर्झनर यांच्याशी जोडणी माझी. 14 जानेवारी 1997 रोजी वडकऱ्याच्या किनाऱ्यावर 11 कोळ्यांनी गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून दिली. त्याच दिवशी 15 किलोमीटरच्या आतल्या बाजारांत 27 खरेदीदार मासळीच्या शोधात होते! पुढे किनाऱ्यालगतच्या शहरांसाठी मोबाईलचे टॉवर आले. सिग्नल समुद्रात 20-25 किलोमीटरपर्यंत मिळतो हे कोळ्यांनी हेरलं आणि होडीतूनच भाव विचारायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या 2007 च्या अभ्यासानुसार मासळीची नासाडी जवळपास थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला आणि भाव सुमारे 4 टक्के उतरला.

इथे कोण लुबाडलं गेलं? दोन बाजारांतली दरी कुणाला तरी दिसली, तिच्यातून नफा आला. इतरांनाही दिसली तशी ती बुजत गेली. अर्थतज्ज्ञ जोसेफ शुम्पीटर यांचा उद्योजक समतोल, म्हणजे मागणी-पुरवठा जुळल्याची स्थिती, मोडतो, कर्झनर यांचा बाजाराला समतोलाकडे नेतो. म्हणूनच 'उद्योजक मनोवृत्ती' देणारे हजारो रुपयांचे वर्ग आणि धनलाभाचे खडे मला सारखेच फोल वाटतात. ही नजर विकत मिळाली असती तर तिचीही बाजारात किंमत ठरली असती आणि त्या किमतीत हा नफा संपला असता.

कर्झनर यांच्याच विद्यापीठात शिकवायला आलेल्या अर्थतज्ज्ञ लुडविग लाखमान यांची शंका मात्र खोल आहे. शेजारच्या बाजारातला आजचा भाव नजरेला पडेल, पण उद्याचा भाव तर अजून जन्मलेलाच नाही.