पाणीपुरी, वस्तरा आणि एचआयव्हीची भीती

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जुना निरोप परवा पुन्हा आला. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, कुणा पाणीपुरीवाल्याचं बोट कापलं, रक्त पाण्यात गेलं आणि खाणाऱ्याला एचआयव्ही झाला. ठेला कुठला, दिवस कुठला, निदान कुणी केलं, काहीच नाही. बहुतेकांनी वाचून सोडून दिलं. पण काहींची अशाने झोप उडते. न्हाव्याकडे दाढी करताना लागलेला ओरखडा, राजवाड्याच्या गर्दीत टोचलेली पिन, रिक्षाच्या सीटवरचा लाल डाग, यातलं काहीही त्यांना महिनोन्‌महिने पुरतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी विषाणूकडे बघू. एचआयव्हीचा कण साधारण 100 नॅनोमीटरचा. भोवती चरबीचं पातळ आवरण आणि त्यात रोवलेले प्रथिनांचे मोजके काटे, डझनभराच्या आसपास. फ्लूच्या विषाणूवर असे काटे शेकड्यांनी असतात. एचआयव्हीच्या काट्याचं टोक म्हणजे जीपी-120 आणि बुंधा म्हणजे जीपी-41. आत शिरण्यासाठी हे टोक आधी सीडी-4 या प्रथिनाला चिकटावं लागतं, आणि ते मुख्यतः काही पांढऱ्या पेशींवरच असतं. चिकटल्यावर जीपी-120चा आकार बदलतो, दडलेला भाग उघडा पडतो आणि सीसीआर-5 किंवा सीएक्ससीआर-4 हे दुसरं प्रथिन पकडतो. त्यानंतर जीपी-41 उलगडतं, आपलं टोक पेशीच्या पटलात खुपसतं आणि स्वतःवरच दुमडतं. तीन अधिक तीन अशा सहा मळसूत्री पट्ट्यांची जुडी होते, तिच्या ओढीने दोन्ही पटलं जवळ येऊन एक होतात, आणि तेव्हा कुठे विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, आत जातो. यातली एक पायरी चुकली तरी सगळं फसतं. सीसीआर-5च्या जनुकातली 32 अक्षरं गळालेली प्रत आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या माणसांना एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांची लागण होत नाही. 2007 साली बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या, आणि त्यांच्या शरीरातला एचआयव्हीही नाहीसा झाला.

धडधाकट त्वचेचा वरचा थर मृत पेशींचा असतो. तिथे जीपी-120ला पकडायला काही नाही. रक्त वाळलं की काही तासांतच त्यातले 90 ते 99 टक्के विषाणू निकामी होतात. पाणीपुरीच्या पाण्यात रक्त पातळ होतं, पुढे जठरातलं आम्ल आहेच. डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त नाही. दवाखान्यात एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तरी लागण सरासरी 300 वेळांतून एकदाच होते. केळ्यात रक्त भरल्याचे व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी आणि ‘रक्तशुद्धी’ची चूर्णं विकणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. भीतीवर धंदा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

खरा संपर्क आला असेल, म्हणजे निरोधाशिवाय संबंध किंवा कुणाची वापरलेली सुई, तर 72 तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावं. प्रतिबंधक गोळ्या 28 दिवस घ्याव्या लागतात. चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) प्रयोगशाळेतली चाचणी 45 दिवसांनी निगेटिव्ह आली की विषय संपला. गोळ्या घेतल्या असतील, तर चाचणी कधी करायची ते डॉक्टर सांगतील. 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फुकट माहिती मिळते.

पण भीतीने पछाडलेल्या माणसाला हे सगळं बहुधा पाठ असतं. तरी तो पुन्हा लॅबमध्ये जातो. का? रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटकेचा निःश्वास, आणि त्या सुटकेतच मेंदू शिकतो: ‘तपासलं म्हणून वाचलो.’ खाजवल्याने खाज वाढावी, तसं हे आहे. दोन दिवसांनी नवी शंका येते. नमुना बदलला असेल का? चाचणी लवकर केली का? हात धुणं, इंटरनेटवर शोधणं, डॉक्टरांना तेच विचारणं, हे सगळं याच चक्राचे भाग. मनोविकारतज्ज्ञ याला ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा केलेल्या कृतींचा आजार, म्हणतात; कधी ती आरोग्यचिंता, म्हणजे आजाराचीच सततची धास्ती, असते.

1966 साली मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी यावरची उपचाराची वाट दाखवली. भीती जागवणारी गोष्ट मुद्दाम करायची आणि नंतरची खात्री करून घ्यायची नाही. न्हाव्याकडे दाढी करायची, घरी येऊन आरशात गळा तपासायचा नाही. अस्वस्थता चढते, आणि काही न करताही बहुधा उतरते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘तपासलं नाही तरी निभावलं’ ही नवी आठवण तयार होते. म्हणून एकदा करून भागत नाही. पायरीपायरीने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वेगवेगळ्या जागी करावं लागतं. जोडीला फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची औषधं देतात. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. इंदूरमधल्या बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात जायला कुणी लाजू नये. फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416.

घरच्यांचं काम सगळ्यांत अवघड. मुलगा दहाव्यांदा विचारतो, “आई, मला काही होणार नाही ना?” अशा वेळी ‘नाही रे’ म्हणणं म्हणजे चक्राला आणखी एक फेरी. त्याऐवजी म्हणावं, “याचं उत्तर आपण एकदा बघितलंय, आता मी देणार नाही. पण मी इथेच बसते तुझ्याजवळ.”