प्लग गेज की बोअर गेज? भोक एक, प्रश्न दोन

जळगाव, धुळ्याच्या एमआयडीसीत लेथवर उभा असलेला टर्नर "गेज आण रे" म्हणाला, की नव्या पोराचा हात दोनांपैकी कशावरही पडतो: गो-नोगो प्लग गेज (दोन टोकांना ठरलेल्या मापाचे दंडगोल) किंवा डायलवालं बोअर गेज (काट्यावर भोकाचं माप दाखवणारं). दोन्ही भोकातच घालायची. पण एक फक्त निकाल देतं आणि दुसरं आकडा देतं. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं तर बिघडलेला जॉबही (मशीनवर घडवलेला नगही) पास होऊन जातो.

समजा भोक 25 एच7 चं आहे (एच7 ही भोकाला किती फरक चालेल याची ठरलेली खूण), म्हणजे 25.000 ते 25.021 मिमी. प्लग गेजचं लांब टोक गो. ते हलकेच आत गेलं पाहिजे, दाबायचं नाही. आखूड, लाल खुणेचं टोक नोगो. ते जाता कामा नये. बस, जॉब पास. भोक 25.003 आहे की 25.019, हे मात्र कळत नाही. टूल झिजत चाललंय, भोक हळूहळू लहान होतंय, याचा पत्ता जॉब नापास झाल्यावरच लागतो.

तो पत्ता बोअर गेज आधी देतं. आधी रिंग गेजवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य लावायचं, मग भोकात घालून डावं-उजवं झुलवायचं. काटा जिथून उलटा फिरतो, ते सगळ्यात लहान माप खरं. बहुतेक बोअर गेजमध्ये भोक लहान असलं की काटा घड्याळाच्या दिशेने पळतो. नवीन ऑपरेटर नेमका इथे प्लस-मायनस उलटं वाचतो.

तरी बोअर गेज आलं म्हणून प्लग गेज कपाटात टाकू नका, असं मी ठामपणे सांगेन. पातळ बुश (नळीसारखा भाग) तीन जॉच्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या तीन जबड्यांत) जास्त आवळून बोअर केला, की सोडल्यावर भोक किंचित तिकोनी होतं. बोअर गेज दोन समोरासमोरच्या बिंदूंतलं अंतर मोजतं. तिकोनी भोकात ते अंतर सगळीकडे जवळपास सारखंच भरतं आणि काटा "ठीक" दाखवतो. गो टोक मात्र अडतं, कारण त्याला पूर्ण गोल, पूर्ण लांबीची जागा हवी असते. विल्यम टेलर यांनी 1905 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच: गो बाजूने सगळा आकार एकदम तपासावा, नोगो बाजूने एकेक माप वेगळं. लंबगोल भोकात उलट घडतं. एकाच दिशेने माप वाढलेलं असेल तर गोल नोगो आत जात नाही. तिथे बोअर गेज दोन दिशांनी फिरवलं की चोरी पकडली जाते.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मापं 20 अंश सेल्सिअसला धरलेली असतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात शेडमध्ये अॅल्युमिनियमचा जॉब 45 अंशांवर असतो आणि गेज एसी खोलीतून 25 वर येतं. 25 मिमीच्या भोकात एवढ्यानेच साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) फरक पडतो, म्हणजे 21 मायक्रॉनच्या टॉलरन्सच्या (चालणाऱ्या फरकाच्या) निम्म्याहून जास्त. गरम असताना गो गेलं, गार झाल्यावर अडकलं, असं त्यातूनच होतं. जॉब आणि गेज एकाच टेबलावर, एकाच तापमानाला येईपर्यंत थांबा. दोन्ही पोलादी असतील तर मग फरक जवळपास मिटतो. अॅल्युमिनियमचा थोडा उरतोच, तो हिशेबात धरावा लागतो.

प्लग गेजचं गो टोक प्रत्येक चांगल्या जॉबमधून घासत जातं. ते झिजलं की लहान भोकही पास होतं आणि गिऱ्हाइकाकडे शाफ्ट बसत नाही. म्हणून ठरावीक मुदतीने तेच टोक आधी तपासून घ्यावं. नोगो बहुधा तोंडाशीच थांबतं, त्यामुळे ते कमी झिजतं.