पेन्शनचे वचन आणि रोख्यांचा हिशेब: युरोपातील पेन्शन फंड इथवर कसे आले

२९ मार्च २०१६ रोजी मुंबईत टाटा स्टीलच्या संचालक मंडळाची बैठक होती. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कामगारांचे पुढारी आणि तिथले खासदार स्टीफन किनॉक त्यासाठी थेट मुंबईत येऊन थडकले होते. बैठकीत ठरले ते त्यांना नको होते तेच: ब्रिटनमधला धंदा विकायला काढायचा. गिऱ्हाईक शोधताना स्वस्त चिनी पोलाद, महाग वीज, जुन्या भट्ट्या या अडचणी होत्याच. पण बोलणी हटकून अडायची ती ब्रिटिश स्टीलच्या पेन्शन फंडापाशी. सव्वा लाखाच्या आसपास सभासद, त्यातले बहुतेक निवृत्त झालेले किंवा नोकरी सोडून गेलेले. फंडाची देणी सुमारे १५ अब्ज पौंडांची. टाटांनी २००७ मध्ये जुन्या ब्रिटिश स्टीलची वारस असलेली अख्खी कोरस कंपनी घेतली होती ६.२ अब्ज पौंडांना. म्हणजे कंपनीच्या मोलाच्या दुपटीहून मोठे देणे तिच्या शेपटाला बांधलेले होते.

युरोपातल्या पेन्शनच्या चर्चेत म्हाताऱ्यांची वाढती संख्या आणि कामकऱ्यांची घटती संख्या हेच कारण पुढे केले जाते. ते खोटे नाही. पण फंडांना गेल्या पंचवीस वर्षांत खरा घोर लावला तो व्याजदरांनी, आणि व्याजदरांपासून सांभाळायला म्हणून केलेल्या नियमांनी.

सुरुवात बिस्मार्कपासून करायची रीत आहे. १८८९ च्या जर्मन कायद्याने वृद्धांना पेन्शन देऊ केले, वय ठेवले ७०. तेवढे जगणारेच थोडे. जर्मनी, फ्रान्स, इटली हे देश पुढेही मुख्यतः याच वाटेने गेले: आजच्या नोकरदाराच्या पगारातून कापायचे आणि आजच्या निवृत्तांना द्यायचे. तिथे सरकारचे डोके दुखते, गुंतवणूकदारांचे फारसे नाही, कारण गुंतवायला मोठा साठाच नसतो. पैसा आधी साचवून, वाढवून मग द्यायचा, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती ब्रिटन, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड आणि स्कँडिनेव्हियात. म्हणून पुढची गोष्ट प्रामुख्याने पहिल्या दोन देशांची.

१९४७ मध्ये ब्रिस्टलच्या इम्पीरियल टोबॅको कंपनीच्या पेन्शन फंडाची गुंतवणूक जॉर्ज रॉस गूबी यांच्याकडे आली. सरकारी रोखे, म्हणजे ठरीव व्याजावर सरकारला दिलेले कर्ज, घेऊन स्वस्थ बसणे ही तेव्हाची सभ्य चाल होती. महागाई रोखे कुरतडून टाकणार, शेअर घ्या, असे गूबी सांगत राहिले आणि जवळपास सगळा फंड त्यांनी शेअरमध्ये नेला. पुढच्या दशकांनी त्यांना खरे ठरवले आणि इतर फंड मागोमाग गेले. शेअर चढत होते तोवर शेवटच्या पगाराच्या प्रमाणात आयुष्यभर पेन्शन देण्याचे वचन कंपन्यांना स्वस्त वाटत राहिले. ऐंशीच्या दशकात तर फंडांत इतके जास्तीचे पैसे साठले, की कर चुकवायला ते तिथे ठेवले जातात अशी शंका सरकारला आली आणि १९८६ मध्ये शिलकीवर मर्यादा घातली गेली. कंपन्यांनी खुशाल वर्गणी भरणे थांबवले. चांगल्या दिवसांत घेतलेली ही सुट्टी पुढे फार महागात पडली, आणि तिचा दोष मात्र कुणी फारसा कुणाला दिला नाही.

५ नोव्हेंबर १९९१ रोजी मिरर वृत्तपत्र समूहाचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल कॅनरी बेटांजवळ आपल्या नौकेवरून नाहीसे झाले आणि समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. मागोमाग उघड झाले, की कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडांतून ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम त्यांनी आपल्या डुबत्या कंपन्या तगवायला वापरली होती. या लफड्यातून १९९५ चा पेन्शन कायदा आला. फंडात किमान किती पैसा हवा याची अट आली, महागाईप्रमाणे पेन्शन वाढवणे काही मर्यादेपर्यंत बंधनकारक झाले. मालकाच्या मर्जीवर असलेली गोष्ट कायद्याने मालकाचे पक्के कर्ज झाली.

हे कर्ज मोजायचे कसे? नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने एफआरएस १७ हे मानक आणले. भविष्यात द्यायच्या पेन्शनची आजची किंमत काढताना उत्तम पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांवर त्या दिवशी मिळणारा परतावा धरायचा आणि निघालेली तूट कंपनीच्या ताळेबंदात दाखवायची. नियम रुक्ष दिसतो, पण सगळी मेख इथेच आहे. वीस वर्षांनी १०० पौंड द्यायचे आहेत असे समजा. परतावा ५ टक्के असेल तर आज ३८ पौंड बाजूला ठेवले की भागते. परतावा १ टक्क्यावर आला, की त्याच १०० पौंडांसाठी आज ८२ पौंड लागतात. पेन्शनर तेच, रक्कम तीच, फंडातही कुणी हात घातलेला नाही, तरी देणे दुपटीहून जास्त.

बूट्स या औषधविक्रेत्या कंपनीने हे फार लवकर ओळखले. २००१ मध्ये तिने जाहीर केले, की आपल्या फंडाचे सगळे २.३ अब्ज पौंड शेअरमधून काढून रोख्यांत नेले आहेत. देणे जर रोख्यासारखे वागते, तर मालमत्ताही रोखेच असू दे, इतका साधा विचार. तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. बाकीच्या कंपन्यांनी सोपा मार्ग धरला: नव्या नोकरदारांना या योजनेचे दार बंद. त्यांच्यासाठी वर्गणी ठरलेली, पेन्शन बाजाराच्या हवाली. आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र सरकारच्या सेवेत आलेल्यांचे झाले तेच, आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च २०२३ मध्ये कर्मचारी संपावर गेले ते त्याचसाठी. ब्रिटनच्या खासगी कंपन्यांत असा संप जवळजवळ झालाच नाही. जुने सभासद सुरक्षित होते आणि नव्यांना आपण काय गमावले हे कळायला तीस वर्षे लागणार होती.

२००८ च्या पडझडीनंतर बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर अर्ध्या टक्क्यावर आणला आणि स्वतः सरकारी रोखे विकत घ्यायला सुरुवात केली. अर्थव्यवस्थेला श्वास मिळाला, पेन्शन फंडांची तूट फुगली. ब्रिटिश स्टीलच्या फंडाचे दुखणे या काळाचे अपत्य. शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये पेन्शन नियामकाच्या संमतीने टाटांनी फंडाला ५५ कोटी पौंड आणि टाटा स्टील यूकेतला ३३ टक्के हिस्सा देऊन आपले नाते तोडले. सभासदांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: वार्षिक वाढ कमी असलेली नवी योजना, किंवा बुडालेल्या कंपन्यांच्या पेन्शनरांसाठी २००५ मध्ये सुरू झालेला संरक्षण निधी.

तिसरी वाटही होती, आपला हिस्सा एकरकमी घेऊन बाहेर पडायचे. व्याजदर खाली म्हणून देणे मोठे, आणि देणे मोठे म्हणून हातात येणारी रक्कमही डोळे दिपवणारी. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला तीन-चार लाख पौंडांचा आकडा दिसू लागला. सल्लागारांची रीघ लागली. सॉसेज-चिप्सचे फुकट जेवण देऊन सभा भरवल्या गेल्याचे पुढे संसदीय समितीपुढे आले. सुमारे ८,००० जण बाहेर पडले. सल्लागारांवर देखरेख करणाऱ्या वित्तीय नियामकाने तपासलेल्या प्रकरणांपैकी जवळपास निम्म्यांत सल्ला चुकीचा होता. भरपाईची योजना २०२३ मध्ये सुरू झाली, तोवर व्याजदर वर गेले होते. त्यामुळे हुकलेल्या पेन्शनची आजची किंमतच घटली आणि फसवल्या गेलेल्या अनेकांची भरपाई हिशेबात नगण्य किंवा शून्य निघाली. ज्या गणिताने त्यांना भुलवले, त्याच गणिताने त्यांना दुसऱ्यांदा नागवले. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकते ते हे प्रकरण.

दरम्यान बाकीच्या फंडांनी बूट्सची युक्ती वेगळ्या रूपात उचलली. सगळा पैसा रोख्यांत घालायचा तर तूट भरून कशी निघणार? त्यासाठी शेअर हवेतच. मग उसनवारीचा मार्ग निघाला. ३० पौंड स्वतःचे घालायचे, रोखे तारण ठेवून ७० उसने घ्यायचे आणि १०० पौंडांचे दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे पदरात पाडायचे. उरलेला पैसा शेअरमध्ये मोकळा. व्याजदर घसरले तर देणे वाढते, पण रोख्यांची किंमतही तेवढीच वाढते. फंड सांभाळणाऱ्या विश्वस्तांना झोप लागू लागली. एलडीआय, म्हणजे देण्यांच्या मापाने गुंतवणूक, नावाच्या या व्यवस्थेत २०२२ पर्यंत १,००० अब्ज पौंडांहून जास्त देणी गुंफली गेली होती. लहान फंडांना हे स्वतः जमत नाही म्हणून अनेकांचा पैसा एकत्र करून चालवलेल्या योजना निघाल्या.

शुक्रवार, २३ सप्टेंबर २०२२. पंतप्रधान लिझ ट्रस यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार याचे उत्तर नव्हते. रोखे कोसळले. रोख्याचा भाव पडला की त्यावरचा परतावा चढतो. ३० वर्षांच्या रोख्यांचा परतावा काही दिवसांत एक टक्क्याहून जास्त उसळून ५ टक्क्यांना भिडला. वरच्या उदाहरणातल्या १०० पौंडांच्या रोख्यांची किंमत ८० झाली, की उसने ७० तसेच राहतात आणि स्वतःच्या ३० पैकी १० उरतात. तारण वाढवा, नाहीतर आम्ही रोखे विकतो, असा निरोप उसने देणाऱ्यांकडून येऊ लागला. वर्षातून चार वेळा बैठक घेणाऱ्या विश्वस्तांनी आता एक-दोन दिवसांत रोकड उभी करायची होती. रोकड कुठून आणायची? रोखे विकूनच. सगळेच विकायला निघाले, भाव आणखी पडला, आणखी तारण मागितले गेले.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात फंडांची तब्येत कागदावर सुधारत होती. परतावा वाढला म्हणजे देणे घटले. दिवाळे निघायचे होते ते देणे फेडता येत नाही म्हणून नव्हे, हाताशी रोकड नाही म्हणून. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंड मैदानात उतरली: १३ दिवस, रोज ५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे घेऊ. त्याच दिवशी परतावा एका टक्क्याच्या आसपास खाली आला. ६५ अब्जांची तयारी होती, प्रत्यक्षात १९.३ अब्जांत काम भागले. गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी वॉशिंग्टनमधून मुदत वाढणार नाही, तुमच्याकडे तीनच दिवस आहेत, असे फंडांना बजावले. १४ ऑक्टोबरला खरेदी थांबली आणि त्याच दिवशी क्वार्टेंग यांना घरी पाठवण्यात आले. आठवडाभरातच ट्रस यांनीही राजीनामा जाहीर केला.

विश्वस्तांना तेव्हा जुगारी म्हणून फार झोडपले गेले. मला ते पटत नाही. हिशेबाच्या मानकाने, नियामकाने, सल्लागारांनी सगळ्यांना एकाच सुरक्षित जागेकडे ढकलले होते. सगळे एकदम तिथे उभे राहिले की ती जागा सुरक्षित राहत नाही, हे पाहण्याचे काम कुणाकडेच नव्हते.

नेदरलँड्सने दुखण्याचे मूळ वेगळ्या ठिकाणी शोधले. युरो वापरणाऱ्या देशांतल्या पेन्शन फंडांचा निम्म्याहून जास्त पैसा या एका छोट्या देशात आहे. तिथेही २००७ पासून ठरीव ४ टक्क्यांऐवजी बाजारातल्या दराने देणी मोजणे सुरू झाले. युरोपियन सेंट्रल बँकेने २०१४ मध्ये व्याजदर शून्याखाली नेला आणि फंडांकडे अफाट पैसा असूनही तो नियमाला पुरेना. सरकारी नोकर आणि शिक्षकांच्या एबीपी या फंडाने २०१३ मध्ये पेन्शन अर्ध्या टक्क्याने कापले, आणि दहा वर्षांहून अधिक काळ महागाईची भर घातली नाही. तिजोरी भरलेली दिसते आणि आपली रक्कम मात्र हलत नाही, हे डच पेन्शनरांना पटेना, आणि त्यांचे चुकत नव्हते. अखेर वचनच बदलायचे ठरले. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने अमुक पेन्शन देऊ ही हमी गेली. प्रत्येकाच्या नावाचा हिस्सा असेल आणि तो बाजाराबरोबर वरखाली होईल. १ जानेवारी २०२८ पर्यंत सगळ्या फंडांना या नव्या घरात जायचे आहे. काही लहान फंड २०२५ च्या आरंभीच गेले, एबीपीने २०२७ चा आरंभ ठरवला आहे.

हमी गेली की तिच्या रक्षणासाठी घेतलेले तीस-चाळीस वर्षांचे करार आणि रोखेही तेवढे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये वेगळ्या कारणाने तेच घडते आहे. वाढलेल्या परताव्याने बहुतेक जुन्या योजना शिलकीत आल्या. कंपन्या त्या विमा कंपन्यांकडे सोपवू लागल्या. ब्रिटिश स्टीलच्या नव्या योजनेनेही ७.५ अब्ज पौंडांची देणी टप्प्याटप्प्याने लीगल अँड जनरल या विमा कंपनीकडे विम्याने बांधून घेतली, शेवटचा टप्पा मे २०२३ मध्ये. दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे हक्काचे गिऱ्हाईक अशा रीतीने दोन्ही देशांत एकाच वेळी बाजारातून उठते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या ३० वर्षांच्या रोख्यांचा परतावा १९९८ नंतरच्या सर्वोच्च पातळीला गेला, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे. ब्रिटनचे कर्ज कार्यालय आता लांब मुदतीचे रोखे कमी आणि कमी मुदतीचे जास्त काढते. आणि मे २०२५ मध्ये १७ मोठ्या पेन्शन कंपन्यांनी २०३० पर्यंत आपल्या मुख्य योजनांचा १० टक्के पैसा खासगी उद्योग आणि पायाभूत कामांत घालण्याचे मान्य केले, त्यातला निम्मा ब्रिटनमध्येच. हे स्वेच्छेने झाले नाही तर सक्तीचा अधिकार हाती असावा, अशी तरतूद सरकारने त्याच वर्षी संसदेत मांडलेल्या विधेयकात केली.