यॉर्कचं ‘क्रॉय’ का झालं?

डिसेंबर २००४ मधल्या पहिल्या शनिवारी ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडला, घोड्यांच्या रेसकोर्सवर, अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलामुलींची क्रॉस कंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून गवत-टेकड्यांवरून पळायची लांब शर्यत झाली. नायकी कंपनीने भरवलेली ही संघांची पहिलीच राष्ट्रीय स्पर्धा. मुलांमध्ये जिंकला तो इलिनॉयमधल्या एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलचा संघ. त्यांचे कोच जो न्यूटन म्हणजे या खेळातलं बडं प्रस्थ. कारकिर्दीत त्यांनी शाळेला राज्याची २८ विजेतेपदं मिळवून दिली. पण निकालाच्या कागदावर यॉर्कचा पत्ताच नव्हता. तिथे लिहिलं होतं ‘क्रॉय’. रोमन लिपीत यॉर्क उलटं लिहिलं की क्रॉय होतं. मुलींमध्ये जिंकलेला न्यूयॉर्क राज्यातला सॅराटोगा स्प्रिंग्जचा संघही ‘कायनेटिक रनिंग क्लब’ म्हणून धावला.

मुलं तीच, शाळाही तीच आणि उन्हाळाभर केलेला सरावही तोच. नाव तेवढं बदललेलं, कारण शाळा म्हणून त्यांना तिथे जायची मुभा नव्हती.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आपला शाळकरी खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो आणि पुढे स्कूल गेम्स फेडरेशनच्या राष्ट्रीय स्पर्धेला राज्याचा संघ जातो. १९५४ पासून ही शिडी आहे. रेल्वेत दोन रात्री काढून कुठल्या तरी दूरच्या गावी पोहोचणं हा त्यातला अर्धा आनंद. अमेरिकेत मात्र ही शिडी राज्यापाशी संपते. तिथे हायस्कूलच्या खेळाचा कारभार प्रत्येक राज्याच्या शालेय संघटनेकडे असतो आणि राज्य विजेतेपदाच्या वर सरकारी किंवा संघटनेची म्हणावी अशी पायरीच नाही. ती नाही, कारण जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ती मुद्दाम काढून टाकली गेली.

त्या आधी ती होती, आणि ती विद्यापीठांच्या ताब्यात होती. शिकागो विद्यापीठाचे ॲमॉस अलोन्झो स्टॅग हे फुटबॉल कोच म्हणून प्रसिद्ध. त्यांनी १९०२ पासून हायस्कूलच्या मुलांची मैदानी स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि १९१७ पासून राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धाही. देशभरातून संघ आगगाडीने यायचे. मुलांना विद्यापीठातल्या विद्यार्थी-मंडळांच्या घरांतून उतरवायचे, शहर दाखवायचे. पाहुणचार निव्वळ हौसेचा नव्हता. चांगला खेळाडू हेरून आपल्याकडे ओढणं हा त्यामागचा हिशेब होता. १९२८ मध्ये केंटकीच्या डोंगराळ भागातल्या कार क्रीक या चिमुकल्या शाळेचा संघ शिकागोला आला. या शाळेला जिम नव्हतं. मुलं उघड्यावर सराव करायची. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. प्रेक्षकांना अशी गोष्ट हवीच असते. पण परीक्षा तोंडावर आलेली मुलं आठवडाभर शाळेबाहेर, त्यांच्या खेळाचा गाजावाजा दुसऱ्याच्या फायद्यासाठी, आणि कोण खेळायला पात्र याचे शाळांनी केलेले नियम धाब्यावर, हे मुख्याध्यापकांना डाचत होतं.

ही नाराजी कार क्रीकच्या आधीचीच. तिच्यातूनच १९२० मध्ये इलिनॉय संघटनेच्या पुढाकाराने शेजारच्या मध्यपश्चिमी राज्यांचे प्रतिनिधी शिकागोत एकत्र बसले. विद्यापीठं, क्लब आणि प्रवर्तक, म्हणजे स्पर्धा भरवून कमाई करणारी मंडळी, भरवत असलेल्या शालेय स्पर्धांनी माजवलेला गोंधळ हाच बैठकीचा विषय. तीच पुढे राष्ट्रीय महासंघ झाली, आणि आज देशातल्या सगळ्या राज्य संघटना तिच्या छत्राखाली आहेत. गंमत बघा, राष्ट्रीय म्हणवणारी ही संस्था राष्ट्रीय स्पर्धांना विरोध करण्यातून वाढली. शिकागोची बास्केटबॉल स्पर्धा १९३० मध्ये संपली. मैदानी स्पर्धा आणखी थोडी टिकली. १९३३ च्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत क्लीव्हलंडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलचा एक विद्यार्थी शिकागोत १०० यार्ड ९.४ सेकंदांत पळाला आणि त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. तो जेसी ओवेन्स. त्यानंतर लवकरच महासंघाने राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या कुठल्याही स्पर्धेला मान्यता द्यायची नाही, असं धोरण पक्कं केलं.

शाळेच्या संघाने राज्याबाहेर किती दूर जायचं, यावरची बंधनं या धोरणाच्या पोटातून आली. म्हणून त्यांना नुसतं ‘प्रवासबंदी’ म्हणणं थोडं फसवं आहे. मैल मोजणं हे साधन होतं. रोखायचं होतं ते प्रवर्तकाला. दूरचा प्रवास अवघड केला की मोठी स्पर्धा भरत नाही, आणि मोठी स्पर्धा भरली नाही की तिच्यातून कमवायलाही कोणी येत नाही. प्रत्येक राज्याने आपापली पट्टी केली. मिशिगनमध्ये, शेजारची राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टेरिओ प्रांत सोडून पलीकडे खेळायचं तर जाऊन-येऊन ६०० मैलांची मर्यादा, म्हणजे साधारण ९६५ किलोमीटर. त्याच मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातल्या आयर्नवूडहून डेट्रॉइटला एकदा जायलाच तेवढे मैल होतात, पण ते राज्याच्या आतलं! शिवाय बाहेरच्या संस्थेच्या नावाने होणाऱ्या किंवा अनेक राज्यांतले संघ जमणाऱ्या स्पर्धेला महासंघाची मंजुरी लागते. मोसम कधी संपतो आणि किती शर्यती पळायच्या, यालाही मर्यादा आहेत.

युद्धाने यात आपली भर घातली. डिसेंबर १९४२ पासून देशभर पेट्रोलचं रेशनिंग आलं, मुख्यतः टायरचं रबर वाचवण्यासाठी. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा होती. शाळांनी लांबचे सामने गाळून शेजारच्या गावांशी खेळायला सुरुवात केली. १९७३ च्या तेलटंचाईत तोच प्रकार लहान प्रमाणात पुन्हा.

हे नियम सगळ्याच खेळांना लागू होते. पण जाच झाला तो क्रॉस कंट्रीला, आणि त्याचं कारण या खेळाच्या गणितात आहे. मोठ्या स्पर्धेत एका संघाचे सात जण धावतात, त्यातल्या पहिल्या पाचांचे क्रमांक बेरजेला धरतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. पहिला, चौथा, नववा, बारावा आणि विसावा आला तर ४६. सहावा आणि सातवा बेरजेत नसतात, पण समोरच्यांच्या पाचव्याला मागे टाकून त्यांची बेरीज फुगवू शकतात. म्हणजे हिशेब क्रमांकाचा, घड्याळाचा नाही. घड्याळ इथे फारसं कामाचंही नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलंड पार्कच्या टेकड्यांवरची वेळ आणि इलिनॉयच्या राज्य स्पर्धेतली, पिओरियाच्या डेटवायलर पार्कमधली वेळ यांची तुलना होत नाही. पिओरियाला तर अंतरही तीन मैल, इतर ठिकाणी बहुधा पाच किलोमीटर. शंभर मीटर पळणाऱ्याला दुसऱ्या राज्यातल्या प्रतिस्पर्ध्याला न भेटताही तो आपल्यापुढे आहे की मागे हे कळतं. क्रॉस कंट्रीच्या संघाला भेटल्याशिवाय कळत नाही, आणि भेटायला परवानगी नाही.

मग लोकांनी शक्कल लढवली ती टपालाची. १९६० आणि ७० च्या दशकांत ‘पोस्टल’ दोन मैल स्पर्धा होत. संघ आपल्याच शाळेच्या ट्रॅकवर आठ फेऱ्या पळायचा, मुलांच्या वेळा एकत्र करून आयोजकांकडे पोस्टाने पाठवायचा आणि आठवड्यांनी कळायचं की आपण देशात कितवे. बस नाही, हॉटेल नाही, वर्ग बुडणं नाही. टेकडी आणि चिखलाचा हा खेळ राष्ट्रीय व्हायचा तर त्याला सपाट ट्रॅकवर उतरावं लागलं, हे त्यातलं खरं दुखणं. पुढे मार्क ब्लूम या पत्रकाराने आपल्या नियतकालिकातून देशातल्या सर्वोत्तम पंचवीस संघांची क्रमवारी द्यायला सुरुवात केली. कोण कोणाला कुठल्या मैदानावर किती फरकाने हरवून आलं, याचे धागे जोडत कागदावर लावलेली ही शर्यत. पारावर बसून कुठल्या गावचा पैलवान भारी यावर वाद घालावा, त्यातलाच प्रकार, फक्त आकडेमोडीसह.

१९७९ मध्ये किनी या बुटांच्या दुकानांच्या साखळीने एक वाट काढली. पुढे ही स्पर्धा फूट लॉकरच्या नावाने ओळखली गेली. देशाचे चार विभाग, विभागातून निवडलेले धावपटू, आणि अंतिम शर्यत बहुतेक वर्षं सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कात. पण ती वैयक्तिक. मोसम संपल्यावर मुलगा स्वतःच्या नावावर पळतो, शाळेचा संबंध नाही. त्यामुळे संघटनांना बोट ठेवता आलं नाही. संघाचा प्रश्न तसाच राहिला, तो २००४ पर्यंत.

नायकीने तीच पळवाट संघासाठी रुंद केली. मोसम संपला की शाळेचा संघ कायद्याने विसर्जित. तीच सात मुलं क्लब म्हणून नोंदणी करतात. शर्टावर शाळेचं नाव नाही, शाळेचा पैसा नाही, शाळेची बस नाही. न्यूयॉर्कमधल्या फेएटव्हिल-मॅन्लियस शाळेच्या मुली ‘मॅन्लियस’ म्हणून २००६ ते २०१२ अशी सलग सात वर्षं जिंकल्या. देशातल्या प्रत्येक पळणाऱ्या मुलीला ही शाळा कुठली ते ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग फक्त कागदपत्रांनी घ्यायचं. नियमाचं अक्षर राखलं, आणि १९२० मध्ये जे नको होतं, म्हणजे बाहेरच्या माणसाने शाळकरी मुलांचा मेळा भरवणं, ते बूट विकणाऱ्या कंपनीच्या हातात जसंच्या तसं परत आलं. मला यात संघटनांचा पराभवच दिसतो, जरी त्यांच्या नियमपुस्तकात तो कुठे नोंदलेला नसला.

दुसऱ्या बाजूला, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पेन रिलेज या मैदानी स्पर्धेत शेकडो शाळा स्वतःच्या नावाने धावतात. १९६४ पासून जमैकाच्या शाळाही येतात. तिथल्या मोठ्या शर्यतींचं नाव ‘चॅम्पियनशिप ऑफ अमेरिका’. १८९५ पासून चालत आलेल्या जुन्या घराला नवे कायदे जरा सैलच लागतात.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत प्रवासबंदी या शब्दाला शब्दशः अर्थ आला. क्रॉस कंट्री टप्प्याटप्प्याने सुरुवात करून पळवली तर धोका कमी, असं महासंघाने मे महिन्यातच सांगितलं होतं. तरी न्यूयॉर्कने शरदातल्या राज्य स्पर्धा रद्द केल्या, कॅलिफोर्नियाने मोसमच पुढच्या वर्षावर ढकलला, आणि नायकी व फूट लॉकर या दोन्ही स्पर्धा त्या वर्षी झाल्या नाहीत. ती पोकळी अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या खासगी आयोजकांनी डिसेंबरमध्ये भरून काढली. २०२१ मध्येही नायकीची स्पर्धा रद्द झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या न्यूबरी पार्क हायस्कूलची मुलं हंट्सव्हिललाच जाऊन सपाट, वेगवान मैदानावर देशाला चकित करून आली. २०२२ मध्ये पोर्टलंडची शर्यत परतली, आणि क्लबांची नावंही.

आता अडचण कधी कधी नियमाची नसतेच. क्रॉस कंट्रीला स्टेडियम लागत नाही, तिकीट लागत नाही, संघात घेताना कोणाला वगळायची प्रथाही फारशी नाही. शाळेला यात खरा खर्च असतो तो बसचा. आणि २०२१ नंतर बस आहे तर चालक नाही. शाळेच्या नेहमीच्या फेऱ्या उरकेपर्यंत बस सुटत नाही, म्हणून शर्यत उशिरा ठेवायची किंवा शेजारच्याच शाळेशी उरकायची, हे अनेक ठिकाणी झालं. नोव्हेंबरमध्ये राज्य स्पर्धा आटोपली की चित्र पालटतं. पोर्टलंडच्या अंतिम शर्यतीचा खर्च कंपनी करते, पण तिथे पोहोचण्याआधीच्या विभागीय शर्यतीला घरच्यांनीच न्यायचं. इलिनॉयच्या मुलांसाठी ती इंडियानातल्या टेरे होटला असते, एल्महर्स्टपासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर. आदल्या दिवशी दुपारी शाळेच्या पार्किंगमधून चार-पाच घरच्या गाड्या निघतात. कोणाच्या आईची मिनीव्हॅन, कोणाच्या वडिलांची एसयूव्ही, डिकीत स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) आणि नवे कोरे शर्ट, ज्यांवर शाळेचं नाव नाही.