ट्रॅफिक बघायची टूल्स आणि वळवायची टूल्स वेगळी का झाली

दोन-तीन अपस्ट्रीमकडून, म्हणजे वरच्या मोठ्या प्रोव्हायडरकडून, बँडविड्थ घेणाऱ्या छोट्या आयएसपीत (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत) हा प्रश्न हमखास निघतो, की ट्रॅफिक बघायला कुठलं टूल घ्यावं, ते या लिंकवरून त्या लिंकवर वळवायला कुठलं घ्यावं, आणि दोन्ही एकाच बॉक्समध्ये मिळत असेल तर तोच का घेऊ नये. ही दोन कामं मुळात वेगळी का पडली हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

जानेवारी १९८९ मधे अमेरिकेत ऑस्टिनला आयईटीएफची, म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींची, बैठक होती, तिथं सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्तर यांनी जेवताना पेपर नॅपकिनवर बीजीपीचा (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात त्या पद्धतीचा) आराखडा काढला आणि जूनमधे त्याचं जाहीर कागदपत्र, आरएफसी ११०५, आलंसुद्धा. त्यांच्यासमोर प्रश्न एवढाच होता की कुठला पत्ता कुठल्या कुठल्या नेटवर्कमधून गेल्यावर सापडतो हे एकमेकांना सांगायचं कसं, आणि वाटेत लूप होऊ द्यायचा नाही. त्यामुळे लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) किती, पॅकेट किती गळतायत, लिंक किती भरलीय, एमबीपीएसला कोण किती पैसे लावतो, यातलं काहीच बीजीपीला माहीत नसतं. तुम्ही लोकल प्रेफरन्स (ठरावीक रस्त्याला हातानं दिलेली पसंती) वगैरे काही लावलं नसेल तर तुंबलेला दोन एएसचा (एएस म्हणजे एकाच्या ताब्यातलं एक नेटवर्क) रस्ता मोकळ्या तीन एएसच्या रस्त्याला हरवतो, आणि १९९४ मधे बीजीपी-४ आलं, जगभरच्या रस्त्यांचं टेबल आज ९ लाख रूट्सच्या पुढे गेलं, तरी यात फरक पडलेला नाही. शिवाय बाहेर जाणारं ट्रॅफिक तरी आपल्या हातात असतं, आत येणाऱ्याबद्दल आपण फक्त सुचवू शकतो, प्रीपेंड करून (आपला एएस पुन्हा पुन्हा लिहून रस्ता लांब दाखवून) किंवा अपस्ट्रीमच्या कम्युनिटी (रूटवर लावायच्या सूचनेच्या खुणा) लावून. ब्रॉडबँडवाल्याचं तर बहुतेक सगळं ट्रॅफिक आत येणारंच असतं, आणि राऊट ऑप्टिमायझर (रस्ता आपोआप निवडणारं टूल) विकायला येणारे लोक नेमकी हीच गोष्ट आधी सांगत नाहीत याचा मला खरंच राग येतो.

बघायची टूल्स तयार झाली ती दुसऱ्याच लोकांकडून, दुसऱ्याच गरजेतून. माइक म्यूस यांनी १९८३ मधे पिंग लिहिलं, पुढे लॉरेन्स बर्कले लॅबमधे व्हॅन जेकबसन यांनी ट्रेसराऊट लिहिलं आणि तिथल्याच मंडळींनी टीसीपीडम्प. ही टूल्स अजून रोज लागतात पण त्यांनी एक रस्ता किंवा एक पॅकेट दिसतं, अख्खी लिंक नाही. ती दाखवली एमआरटीजीनं. तोबियास ओटिकर तेव्हा इंग्लंडमधे लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात होते, तिथं बाहेर जायला एकच ६४ केबीपीएसची लाईन, ती सारखी भरलेली, मग राऊटरला एसएनएमपीनं (उपकरणाला त्याचे आकडे विचारायच्या पद्धतीनं) दर ५ मिनिटांनी विचारून ग्राफ काढायची स्क्रिप्ट त्यांनी लिहिली आणि १९९५ मधे लोकांसाठी खुली केली. तो ५ मिनिटांचा ठोका मग सगळीकडे बसला, ट्रान्झिटचं (अपस्ट्रीमकडून घेतलेल्या बँडविड्थचं) ९५ पर्सेंटाइल बिलसुद्धा त्यावरच निघतं. महिन्यातले ५-५ मिनिटांचे आकडे उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरचे ५ टक्के सोडून उरलेल्यातल्या सर्वात मोठ्या आकड्यावर बिल लावायचं, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३६ तास सुटतात. पण ५ मिनिटांच्या सरासरीत काही सेकंदांचा झटका दिसतच नाही, ग्राफ ७० टक्के दाखवतो आणि कस्टमरचा गेम अडकतो.

आणि लिंक भरली हे कळलं तरी ती कुणी भरली ते एमआरटीजी सांगत नाही. त्यासाठी १९९६ मधे सिस्कोचं नेटफ्लो आलं, जे खरंतर पॅकेट फॉरवर्ड करायचा वेग वाढवायला केलेलं कॅश (तात्पुरता साठा) होतं, पण त्यात कुठून कुठं किती गेलं याचा हिशोब आपोआप साठत होता आणि पुढे फॉरवर्डिंगची पद्धत बदलली तरी हिशोब टिकला. नेटफ्लो व्ही५ मधे एएस नंबर येतो, म्हणून कुठल्या नेटवर्ककडून किती ट्रॅफिक येतं, कुणाशी थेट पिअरिंग (मधला प्रोव्हायडर टाळून जोडणी) केलं तर परवडेल, याचं उत्तर पहिल्यांदा आकड्यात मिळायला लागलं. पण व्ही५ ला आयपीव्ही६ (नव्या, लांब पत्त्यांची पद्धत) कळत नाही, ते व्ही९ आणि नंतरच्या आयपीफिक्सला कळतं, त्यामुळे जुन्या बॉक्सवर व्ही५ लावून बसलात तर ट्रॅफिकचा मोठा तुकडा हिशोबातून गायब असतो. एसफ्लो हे असंच दुसरं टूल २००१ चं, ते ठरावीक पॅकेटांतून एक उचलून त्याचा हेडर पाठवतं, मोठ्या स्विचवर हेच झेपतं.

आपल्याकडे ही गरज थोडी उशिरा आली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं इंटरनेट सुरू केलं तेव्हा निवडायला दुसरा प्रोव्हायडरच नव्हता, खासगी आयएसपी १९९८ नंतरचे, आणि २००३ मधे निक्सी, म्हणजे देशी आयएसपींना जोडणारं एक्स्चेंज, उभं राहीपर्यंत दोन भारतीय आयएसपींमधलं ट्रॅफिकसुद्धा बऱ्याचदा परदेशात जाऊन परत यायचं. आज मुंबईत एक्स्चेंज आहेत, कंटेंटवाल्यांचे कॅश आहेत, आणि केबल टीव्हीतून आयएसपी झालेल्या अनेकांकडे मायक्रोटिकचा राऊटर असतो, ज्यात ट्रॅफिक फ्लो नावानं नेटफ्लो आधीपासून आहे, फक्त चालू केलेलं नसतं.

आता वळवायच्या टूल्सकडे. २००० च्या आसपास अमेरिकेत काही कंपन्यांनी विचार केला की मोजणारे आकडे बीजीपीलाच खायला घालू, प्रत्येक लिंकवरून लेटन्सी, लॉस मोजायचा आणि चांगला रस्ता आपोआप वर आणायचा. कल्पना चांगली आहे, पण यातली बरीच टूल्स मोठ्या प्रीफिक्सचे (पत्त्यांच्या गटाचे) छोटे तुकडे करून आत घालतात, कारण राऊटरकडे लहान तुकडा नेहमी जिंकतो. २४ जून २०१९ ला काय झालं बघा. पेन्सिल्व्हेनियातल्या डीक्यूई नावाच्या प्रोव्हायडरकडे असा ऑप्टिमायझर होता, त्यानं क्लाउडफ्लेअर या, वेबसाइट्सचं ट्रॅफिक सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका /२० चे दोन /२१, म्हणजे एका गटाचे दोन अर्धे, केले, ते डीक्यूईच्या एका कस्टमरकडे गेले, ती धातूची कंपनी होती, तिची दुसरी लिंक व्हेरायझन या मोठ्या प्रोव्हायडरची, तिनं ते व्हेरायझनला दिले, आणि व्हेरायझननं कुठलाही फिल्टर न लावता सगळ्या जगाला वाटले. जवळपास दोन तास कितीतरी साइट्सचं ट्रॅफिक त्या कंपनीच्या लिंकमधून जायला बघत होतं, क्लाउडफ्लेअरचं सर्वात वाईट वेळी १५ टक्के ट्रॅफिक गेलं. व्हेरायझननं आरपीकेआय (कुठला प्रीफिक्स कोण जाहीर करू शकतो याची नोंद) तपासलं असतं तर ते /२१ तिथंच बाद झाले असते, कारण मूळ मालकानं तिथं /२० पर्यंतचीच परवानगी नोंदवलेली होती.

म्हणून माझं मत, आधी बघायचं टूल, फ्लो घेणारं आणि बीजीपीशी जोडून दाखवणारं, पीएमएसीसीटी (pmacct) फुकट आहे आणि हे काम नीट करतं. दोन-तीन महिन्यांचे आकडे बघितले की बऱ्याच जणांना दिसतं की पाच-सहा एएसच बहुतेक ट्रॅफिक आणतात, आणि तेवढ्यासाठी लोकल प्रेफरन्स आणि कम्युनिटी हातानं लावणं पुरतं. त्यानंतरही ऑप्टिमायझर घ्यायचा असेल तर विकणाऱ्याला विचारा की तुमचं टूल प्रीफिक्स तोडतं का, तोडत असेल तर त्यावर नो-एक्स्पोर्ट (‘बाहेर देऊ नका’ ही खूण) आपोआप लागतं का, आणि तरीही आपल्या प्रत्येक ईबीजीपी सेशनवर (दुसऱ्या नेटवर्कशी असलेल्या बीजीपी जोडणीवर) बाहेर फक्त आपले आणि कस्टमरचेच प्रीफिक्स जातील असा फिल्टर टूल बसवायच्या आधी लावून ठेवा.